तीन मिनिटांची रहिवासी

हॉलिस व्हॅलीला संघ झेपणार नाही, हे विक्रमने, रेणूच्या बॉसने, व्हॅली बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. शिकागोच्या ऑफिसात सँडविचचा घास तोंडात असतानाच त्याने रेणूला सांगितलं, "लहान मार्केट आहे यार. तीन आठवडे जा, सर्व्हे कर, रिपोर्ट लिही. आन्सर 'नो' आहे, फक्त ते नीट दिसलं पाहिजे."

रेणूला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उगाच तिला पहिल्यापासून वाघीण करून ठेवण्यात अर्थ नाही. नागपूरची मुलगी, चौतीस वर्षांची, संख्याशास्त्रात डोकं चालणारी, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी. एखाद्या भागाला व्यावसायिक खेळाचा संघ पोसता येईल की नाही, हे आकडे मांडून सांगणं हा तिच्या कंपनीचा धंदा होता. तिच्या सहा वर्षांच्या वर्क व्हिसाचं पाचवं वर्ष चालू होतं आणि ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनी याच महिन्यात करणार होती. अर्ज झाला तर पुढची काही वर्षं सुटली. नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर सामान आवरून परत जायचं. अशा परिस्थितीत माणूस बॉसशी वाद घालत नाही, मुकाट्याने विमानाचं तिकीट काढतो.

हॉलिस व्हॅली म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं एका नदीकाठचं खोरं. तीन मध्यम गावं, एकमेकांत मिसळत चाललेली, मिळून साडेपाच लाख वस्ती. एकेकाळी इथल्या कारखान्यात पुलांसाठी लोखंडी तारेचे जाडजूड दोर बनत. तो कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली. आता दोन मोठी हॉस्पिटलं, डझनभर गोदामं आणि थोडी सॉफ्टवेअरची ऑफिसं, एवढ्यावर व्हॅली उभी होती. महिलांच्या सॉकर, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉल लीगमध्ये एक नवा संघ यायचा होता आणि तो मागावा की नाही, यावर व्हॅलीच्या नऊ जणांच्या कौन्सिलला मत द्यायचं होतं. मत देण्याआधी त्यांनी सल्ला मागितला होता, आणि सल्लागार म्हणून नेमकी रेणूची कंपनी मिळाली होती. एका सामन्याला सरासरी साडेसात हजार माणसं येणार असतील तर संघ टिकतो, नाहीतर नाही. सगळा प्रश्न या एका आकड्याचा होता.

पहिले दहा दिवस रेणूने फॉर्म भरून घेण्यात घालवले. सुपरमार्केटच्या दारात, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, चर्चच्या पार्किंगमध्ये. संघ आला तर तुम्ही बघायला याल का, आणि आत्ता नाव नोंदवाल का? उत्तरं चार: नक्की, बहुतेक, नाही, आत्ता सांगता येत नाही. शंभरातले एकसष्ट लोक शेवटच्या चौकटीत खूण करून मोकळे झाले. कंपनीच्या पद्धतीत त्या चौकटीला शून्य किंमत होती. काहींनी तर पेनलाही हात लावला नाही. तारेच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला स्टॅन नावाचा एक म्हातारा फॉर्म लांब धरून वाचत म्हणाला, "मी कशावर सही करत नसतो. संघ आला की सांगा." रेणूने त्याला 'नाही'च्या खात्यात टाकलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.

दहाव्या दिवशी आकडा हातात आला: चार हजार शंभर. विक्रमला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला. काम झालं होतं. रेणूने उरलेले दिवस मोटेलच्या खोलीत बसून रिपोर्टची भाषा घासूनपुसून घ्यायची, एवढंच बाकी होतं.

त्यात मनोहरकाकांचा फोन आला. काका म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे सर्वांत जुने सभासद. एकोणऐंशी साली धातुशास्त्रज्ञ म्हणून त्या तारेच्या कारखान्यात लागले, आणि कारखाना गेला तरी गाव सोडून गेले नाहीत. सुपरमार्केटच्या दारात रेणूचा फॉर्म त्यांनीही परत केला होता, कोराच. पण तिचं आडनाव वाचून फोन नंबर तेवढा घेतला होता.

"रविवारी आपला गणपती आहे गं. फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये. जेवायलाच ये."

"बघते काका. काम किती आहे त्यावर."

"ईमेल पाठवतोय त्यात नाव टाक, म्हणजे काकूला बरं पडतं."

ईमेल आली. रेणूने ती उघडली, वाचली, आणि नेहमीप्रमाणे बंद केली. शिकागोतही ती हेच करायची. रविवारी दुपारी मोटेलमधल्या मायक्रोवेव्हकडे बघून तिला इतका कंटाळा आला की तिने कुर्ता चढवला आणि गाडी काढली.

हॉलबाहेर गाडी लावायला जागा नव्हती. आत दोन लाल बंब एका बाजूला सरकवून पंगती मांडल्या होत्या. व्हॅलीत मराठी घरं सव्वाशे. पण माणसं बघावीत तर इंडियातून आलेले आईवडील, शेजारचे गुजराती, मुलांचे वर्गमित्र, आणि आपल्याच हॉलमध्ये जेवायला संकोच कसला म्हणून बसलेले सहा अग्निशामक. मीनाक्षीकाकू, म्हणजे मनोहरकाकांची बायको, ॲप्रनवर पदर खोचून वाढणाऱ्या हातांना हुकूम सोडत होती. चौथी पंगत उठली तरी मसालेभात संपला नव्हता.

रेणूतल्या संख्याशास्त्रज्ञाला राहवलं नाही. "काकू, किती माणसांनी नावं दिली होती?"

"एकशे चाळीस."

"आणि जेवली किती?"

"चारशे दहा. अजून देशपांड्यांचं कुटुंब यायचंय, ते कायम आरतीनंतर येतात."

"मग चारशेचा स्वयंपाक कसा काय केलात तुम्ही?"

काकूने तिच्याकडे असं बघितलं, की हिला कुणी डिग्री दिली? "नावं बघून कोण करतं गं स्वयंपाक? गेल्या वर्षी पानं किती उठली ते बघायचं. नावं देणाऱ्यातले निम्मे येत नाहीत, आणि न देणारे सहकुटुंब येतात. पंचवीस वर्षं करतेय मी हे. एकदाच नावं बघून केलं होतं, पहिल्या वर्षी, आणि तेव्हा दुसऱ्याच पंगतीला भात संपून पिझ्झा मागवावा लागला होता." मग तिने रेणूच्या पानात आणखी एक मोदक टाकला. "तू दिलं होतंस का नाव?"

रेणूच्या तोंडात मोदक होता म्हणून बरं. तिने नकारार्थी मान हलवली. तिला मनापासून लाज वाटली, आणि ती नाव न दिल्याची नव्हती. आयुष्यात एकाही आमंत्रणाला वेळेवर उत्तर न देता प्रत्येक जेवणावळीला हजर राहिलेली बाई गेले दहा दिवस दुसऱ्यांच्या न दिलेल्या उत्तरांना शून्य किंमत देत बसली होती. दुसऱ्या कुणाचा घोटाळा झाला असता तर एक वेळ समजू शकलं असतं. तिचा व्हायला नको होता.

"पण हे आपलं झालं," ती काकांना म्हणाली. "अमेरिकन लोक असे नसतात. ते आधी बुकिंग करतात."

"कुठले अमेरिकन?" काका हसले. "इथले? यांना बेसबॉलच्या एका छोट्या संघाने पंधरा वर्षांपूर्वी तिकिटं घेण्याची वचनपत्रं भरायला लावली. लोकांनी हौसेनं भरली. चौथ्या वर्षी संघ बॅगा भरून गेला. मग कॉम्प्युटरच्या चिपचा कारखाना येणार म्हणून आठ हजार लोकांनी सह्या केल्या, मी पण केली. कारखाना गेला टेक्सासला. आता कोणी कागद पुढे केला की माणसं खिशात हात घालून उभी राहतात. पण शुक्रवारी शाळेचा अमेरिकन फुटबॉल बघायला जा एकदा."

रेणू गेली. शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या मैदानावर नऊ हजार माणसं होती. आगाऊ तिकिटं गेली होती अडीच हजार. मग तिने उरलेल्या दिवसांत झोप कमी केली आणि व्हॅली पालथी घातली. पोलिश चर्चची जत्रा, फायर ब्रिगेडचं शुक्रवारचं माशांचं जेवण, काउंटीची जत्रा, नदीवरची शर्यत, शाळेचा फुटबॉल, हॉस्पिटलचा मेळा, आणि गणपती. अशा सात कार्यक्रमांची पाच वर्षांची माहिती तिने वह्यांतून, कपाटांतून, पाद्र्यांच्या आणि काकूच्या तोंडून गोळा केली: आधी नावं किती आली आणि प्रत्यक्षात माणसं किती आली. आलेली माणसं एकाही ठिकाणी नाव दिलेल्यांच्या अडीचपटीहून कमी नव्हती. शिवाय कंपनीची पद्धत असं धरून चालायची, की माणूस खेळ बघायला पस्तीस मिनिटांहून लांब जात नाही. मनोहरकाका आंब्यांच्या पेटीसाठी अडीच तास गाडी हाकत न्यू जर्सीतल्या आयसेलिनला जातात, आणि त्यांच्या शेजारचा माणूस हरणाच्या शिकारीसाठी चार तास.

या खोऱ्याने सही करायचं सोडलं होतं. यायचं सोडलं नव्हतं.

तिने सगळं नव्याने मांडलं. हात आखडता घेऊन, प्रत्येक ठिकाणी कमीच धरून. आकडा आला आठ हजार. रेणू मोटेलच्या खुर्चीवरून उठली आणि एकटीच टाळी वाजवून परत बसली.

विक्रमने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मुंबईचा माणूस, बोलायला गोड; चिडला तरी आवाज वाढायचा नाही. "रेणू, ही मेथडॉलॉजी नाहीये. हे किचन आहे."

"पाच वर्षांचा टर्नआउट आहे विक्रम. सात इव्हेंट्स. लोक काय बोलतात त्यापेक्षा काय करतात ते—"

"लीगला बिग सिटी हवीय. आणि त्या सिटीचं कॉन्ट्रॅक्ट नेक्स्ट क्वार्टरला आपल्याकडे येतंय. कळतंय का मी काय म्हणतोय?"

रेणूला कळलं. नीटच कळलं. "मग हे आधी सांगायचं होतं ना."

"सांगितलं होतं. लंचला."

रिपोर्ट विक्रमने स्वतः पूर्ण केला. पान तीनवर ठळक अक्षरांत: सरासरी अपेक्षित प्रेक्षक चार हजार शंभर, संघाची मागणी करू नये अशी शिफारस. रेणूची सगळी मांडणी गेली. राहिलं फक्त परिशिष्ट क, कारण गोळा केलेली सर्व मूळ माहिती जोडलीच पाहिजे असं कौन्सिलच्या करारात होतं, आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत कोणी वाचत नाही हे विक्रमला अनुभवाने माहीत होतं. आणि पहिल्या पानावर, प्रमुख विश्लेषक म्हणून, रेणूचं नाव होतं.

ते नाव बघून तिच्या अंगाची लाही लाही झाली. चुकीचे आकडे तिच्या हातून आधीही गेले होते. चुका सगळ्यांच्या होतात, दुरुस्ती पाठवायची आणि ओशाळं हसायचं. पण बरोबर आकडा पुसून चुकीच्या आकड्याखाली आपलं नाव? तिने विक्रमला लिहिलं, माझं नाव काढ. त्याचं उत्तर आलं, "तुझं नाव हवंच. तीन आठवडे तिथे तूच होतीस."

मत गुरुवारी होतं. मतदानाआधी नागरिकांना बोलायला वेळ देतात. प्रत्येकी तीन मिनिटं. रेणूने बुधवारी कौन्सिलच्या ऑफिसात फोन केला. क्लार्क बाई गोड आवाजात म्हणाली, "जरूर या. मात्र फक्त व्हॅलीच्या रहिवाशांसाठी आहे हं. नाव आणि पत्ता सांगावा लागतो."

मोटेलचा पत्ता चालत नाही, हेही तिने विचारून घेतलं.

तिने फोन ठेवला. तिने साठ दिवसांचा विचार केला. नागपूरच्या घरी आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना ग्रीन कार्डाचं आधीच सांगून ठेवलं होतं, तेही आठवलं. भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. तरीही तिने मनोहरकाकांना फोन लावला.

"काका, तुमचं बेसमेंट रिकामं आहे का?"

"आहे की. अथर्व नोकरीला सिॲटलला गेल्यापासून रिकामंच आहे. कुणाला हवंय?"

"मला. राहायला."

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. अथर्व हा त्यांचा मुलगा. त्याच्या खोलीत तीन वर्षं कोणी झोपलेलं नव्हतं. "किती दिवस?"

"ते नाही सांगता येत."

"बरं. सकाळी ये. काकूला सांगतो चादरी बदलायला."

गुरुवारी सकाळी आठला रेणूने मोटेलची किल्ली परत केली आणि दोन बॅगा चेस्टनट स्ट्रीटवरच्या बेसमेंटमध्ये उतरवल्या. पत्ता बदलला की व्हिसावरच्या माणसाने दहा दिवसांत सरकारला कळवायचं असतं; तिने दहा मिनिटांत कळवलं. शिकागोच्या घरमालकाला जागा सोडत असल्याची ईमेल केली. काकांशी भाड्याचा कागद केला, काकूच्या डायनिंग टेबलावर, पोह्यांच्या बशा बाजूला सारून. काकू म्हणाली, "अगं, भाडं कसलं घेतोय आम्ही." रेणू म्हणाली, "घ्या काकू. उद्या कोणी विचारलं तर मी पाहुणी आहे असं मला म्हणायचं नाहीये."

"तुम्ही याल ना संध्याकाळी?" तिने विचारलं. "मंडळातले आणखी कोणी?"

"बघू," काका पेपर उघडत म्हणाले. "मेसेज टाकलाय ग्रुपवर. उत्तर कोणाचं नाही."

संध्याकाळी सहा वाजता कौन्सिलच्या सभागृहात दोनशे खुर्च्यांपैकी जेमतेम तीस भरल्या होत्या. विक्रम विमानाने आला होता; पहिल्या रांगेत, निळ्या सूटमध्ये. नागरिकांच्या यादीत रेणूचं नाव वाचून तो तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"हे काय आहे?"

"मी इथे राहते."

"रेणू, बी प्रॅक्टिकल. तू त्या माइकपाशी गेलीस तर मंडेला तुझी फाइल लॉयरकडे जाणार नाही. जॉब तर विसरच. मी धमकी देत नाहीये, मी फक्त सांगतोय."

"ऐकलं," रेणू म्हणाली. "तुझं बोलणं दर वेळी उशिरा कळतं मला. आज लगेच कळलं."

ती आत येऊन बसली. आधी विक्रमने पडद्यावर वीस मिनिटं रंगीत चौकोन दाखवले. व्हॅली सुंदर आहे, लोक फार चांगले आहेत, पण. मग अध्यक्ष बाईंनी, डोना कोवाल्स्की त्यांचं नाव, नागरिकांची यादी हातात घेतली. यादीत चारच नावं होती. पहिल्या तिघांनी पार्किंग, कुत्री आणि कर यांवर बोलून घेतलं. चौथं नाव रेणूचं.

माइकसमोर छोटा दिवा होता: हिरवा, पिवळा, लाल.

"नाव आणि पत्ता?"

तिने नाव सांगितलं. "चारशे बारा, चेस्टनट स्ट्रीट. बेसमेंट."

कोवाल्स्कीबाईंनी रिपोर्टचं पहिलं पान पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत पानाकडे. "तुम्ही इथे कधीपासून राहता?"

"सकाळपासून."

हॉलमध्ये हशा पिकला. विक्रम वकिलासारखा अर्धवट उठला. कौन्सिलच्या खऱ्या वकिलाने नियमाची चोपडी चाळली, चष्मा वर केला आणि सांगितलं की रहिवासी किती दिवसांचा असावा, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. कोवाल्स्कीबाई म्हणाल्या, "मग स्वागत आहे तुमचं व्हॅलीत. बोला." दिवा हिरवा झाला.

रेणू बोलली. तिने कौन्सिलला अठ्ठ्याऐंशीवं पान उघडायला लावलं. परिशिष्ट क. नऊ जणांची पानं उलटल्याचा आवाज आला. तिने सात कार्यक्रम एकेक करून वाचायला सुरुवात केली, आधीची नावं आणि आलेली माणसं. या रिपोर्टवर माझं नाव आहे, ती म्हणाली, आणि पान तीनवरचा आकडा माझा नाही. तुमच्या लोकांनी 'आत्ता सांगता येत नाही' म्हटलं आणि मी त्यांना नसल्यात जमा केलं. ती माझी चूक होती, मी ती दुरुस्त केली होती आणि ती दुरुस्ती काढून टाकण्यात आली. पाचव्या कार्यक्रमापाशी दिवा पिवळा झाला, सहाव्यापाशी लाल. आठ हजार हा आकडा अजून यायचा होता.

"क्षमा करा," कोवाल्स्कीबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुमची वेळ संपली."

विक्रमने फोन खिशातून काढला आणि बघायला लागला.

"माझी घ्या," मागून आवाज आला.

रेणूने वळून पाहिलं. बोलताना तिची हॉलकडे पाठ होती. खुर्च्या भरल्या होत्या. भिंतींना टेकून माणसं उभी होती, दारात आणखी, व्हरांड्यात आणखी. मंडळातली सगळी, ऑफिसातून तडक आलेली, गळ्यात ओळखपत्रं तशीच; आरतीनंतर येणारे देशपांडेसुद्धा. फायर ब्रिगेडवाले होते. पोलिश चर्चचे पाद्री होते. मीनाक्षीकाकू मधल्या रांगेत उभी होती. "माझी तीन मिनिटं हिला द्या," ती इंग्रजीत म्हणाली, पंगतीत वाढप्यांना सांगावं त्याच आवाजात.

"मॅडम, तुमचं नाव यादीत नाही."

"आत्ता लिहिते."

वकिलाने पुन्हा चोपडी चाळली. नागरिकांचं बोलणं संपेपर्यंत यादी उघडी असते, आणि आपली वेळ दुसऱ्याला देता येते. काकू क्लार्कच्या टेबलाशी गेली आणि तिने नाव, पत्ता, सही केली. तिच्या मागे मनोहरकाका उभे राहिले. त्यांच्या मागे एक अग्निशामक. मग रांग वळत वळत दाराबाहेर गेली. पेन एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं. रांगेत स्टॅन होता. टेबलाशी पोचल्यावर त्याने डोळे बारीक करून कागद लांब धरला.

"सही कुठे करायची?" त्याने क्लार्कला विचारलं.

तिने बोट ठेवून दाखवलं. स्टॅनने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. रेणूला हे बघवेना आणि मान फिरवताही येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

क्लार्कने कागद मोजले. "एकशे बारा नावं, मॅडम. म्हणजे पाच तास छत्तीस मिनिटं."

"यांना द्या," कोवाल्स्कीबाई म्हणाल्या.

रेणूला चार पुरली. सातवा कार्यक्रम, मग मांडणी, मग आकडा. शेवटी ती म्हणाली, "आज या सभेला येणार म्हणून काल किती लोकांनी कळवलं होतं, ते तुमच्या यादीत बघा. आणि आता मान वर करून बघा." आणि ती खाली बसली.

नऊपैकी पाच जणांनी संघ मागावा असं मत दिलं, चौघांनी विरुद्ध. पाचवा हात बराच वेळ अर्धाच वर होता. कोवाल्स्कीबाईंनी हातोडा आपटला तेव्हा टाळ्यांत तो ऐकूच आला नाही.

पार्किंगमध्ये विक्रम भाड्याच्या गाडीपाशी उभा होता. तो चिडलेला नव्हता, दमलेला दिसत होता. बोलण्याआधी त्याने टाय सैल केला.

"एक ईमेल टाक. म्हण, आकडे घाईत मांडले, चूक झाली. मी सांभाळून घेतो. फाइल मंडेला जाईल, प्रॉमिस."

"नाही टाकणार."

"साठ दिवस आहेत तुझ्याकडे."

"माहिती आहे. मोजता येतात मला."

"आणि कशासाठी, सांग ना यार! लीग तरीही नो म्हणेल. लिहून देतो. एवढं सगळं करून नोच येणार आहे."

"येऊ दे," रेणू म्हणाली. पलीकडे काकांनी गाडी सुरू करून ठेवली होती आणि काकू काच खाली करून तिला हाक मारत होती. घरी जेवायला किती जण येणार याचा तिलाही पत्ता नव्हता. "नाही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं, विक्रम. स्वतःच्या तोंडानं, स्वतःची सही करून. माझ्या नावानं म्हणायचं नाही."